‘काम केलेलं’ इंजिन घेताय? आधी चेंबर उतरवा

“मिस्त्री, इंजिन काम केलेलं आहे. बिलं सगळी आहेत. तुम्ही फक्त गाडीत बसवून द्या.”

तासगावचे एक द्राक्ष बागायतदार टेम्पोत जिप्सीचं १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन घालून मिरजेला आले आणि उतरता उतरता हे बोलले. इंजिन देखणं होतं. ब्लॉकला ताजा चंदेरी रंग, चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेनं नवं सिलिकॉन, नवा फिल्टर. बिलात रिंगा, मेन आणि बिगएंडचे शेल, ऑइल सील, क्रँक ग्राइंडिंग असं सगळं ओळीनं लिहिलेलं. (क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं गोल फिरणारा दांडा. तो ब्लॉकमध्ये जिथे फिरतो ते मेन बेअरिंग, आणि पिस्टनचा रॉड क्रँकच्या पिनला जिथे धरतो ते बिगएंड.) मी म्हटलं, “दादा, बसवतो की. पण एक दिवस द्या. चेंबर उतरवून खालचे शेल बघू, मग गाडीला हात लावू.” ऑक्टोबर छाटणीचे दिवस, त्यांना एक दिवससुद्धा जड होता. तरी ते थांबले.

मी हा हट्ट धरतो त्याला कारण आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा असंच बिलावर विश्वास ठेवून बसवलेलं एक इंजिन पुण्याला जाताना खंबाटकी घाटात वाजायला लागलं. रात्रीची वेळ, गाडीत गिऱ्हाईक, त्याची बायको आणि दोन लहान मुलं. तिसऱ्या सिलिंडरचा बिगएंड शेल जागेवरून फिरून क्रँकला चिकटला होता. उघडल्यावर कळलं, की क्रँक घासून आणल्यावर त्याच्या तेलाच्या भोकातला ग्राइंडिंगचा चुरा कोणी धुतलाच नव्हता. शेल नवे होते, चांगल्या कंपनीचे होते, मापही बरोबर होतं. राहिलं होतं ते धुणं.

पैसे कशावर खर्च झाले ते बिलावर कळतं. ज्या हातांनी इंजिन जोडलं ते हात स्वच्छ होते का, मोजून काम करत होते का, हे फक्त शेलवर दिसतं. इंजिन जमिनीवर सुटं असताना ते बघायला अर्धा-पाऊण दिवस लागतो. एकदा गाडीत गेलं की जिप्सीसारख्या फोर बाय फोरला चेंबर काढण्यासाठी पुढचा डिफरन्शिअलही खाली घ्यावा लागतो. म्हणून जे बघायचं ते आधीच बघायचं.

खाली दिलेली मापं सुझुकीच्या या १३०० सीसी जी १३ घराण्याची, म्हणजे जिप्सी किंग आणि एस्टीममधल्या इंजिनाची आहेत. तुमचं इंजिन दुसरं असेल तर पद्धत हीच, पण मापं त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. अंदाजानं नाही.

शेल म्हणजे नेमकं काय

शेल म्हणजे बेअरिंगचा अर्धा भाग: पोलादाची अर्धगोल पातळ पट्टी, तिच्या आतल्या अंगाला मऊ धातूचा थर. एका जातीत पोलादावर तांबं-शिशाचा थर असतो आणि त्यावर शिसं-कथलाचा अगदी पातळ लेप, साधारण ०.०२ मिलिमीटर. डोक्याच्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. दुसऱ्या जातीत पोलादावर थेट अ‍ॅल्युमिनियम-कथलाचा थर असतो, त्यात तांबं नसतंच. हा फरक लक्षात ठेवा, कारण “तांबं दिसत नाही, म्हणजे शेल चांगला” असं बरेच जण धरून चालतात. अ‍ॅल्युमिनियमच्या शेलमध्ये तांबं कधीच दिसणार नाही, तो पोलादापर्यंत झिजला तरी.

चालू इंजिनात क्रँक शेलवर टेकत नाही, दाबाखालच्या तेलावर तरंगतो. खरी घासाघीस होते ती इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या क्षणांत, किंवा तेल कमी पडलं तर. वरचा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे एखादा बारीक कण आला तर तो शेलमध्ये रुतून बसावा आणि क्रँकला ओरखडे काढू नये. पण रुतायलाही मर्यादा आहे. कण थराच्या जाडीपेक्षा मोठा असला, किंवा मूठभर आले, की शेलच कानशीसारखा क्रँक घासायला लागतो.

उघडण्याआधी कानानं आणि गेजनं

विकणारा इंजिन चालू करून दाखवत असेल तर ती संधी सोडू नका. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी साधा यांत्रिक गेज लावा. इंजिन पूर्ण तापू द्या, पंखा एकदा लागून बंद होऊ दे. या इंजिनाला ३००० आरपीएमला दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोच्या वर दाब हवा. थंड असताना सगळीच इंजिनं चांगला दाब दाखवतात, त्यावर जाऊ नका. आणि तेल कोणतं घातलंय तेही विचारा. सैल शेलचा दाब चढवायला जाड तेल ओतणं ही जुनी युक्ती आहे.

आवाजाचं म्हणाल तर मेनचा आवाज खोलातून, धम्म धम्म असा, लोड दिल्यावर येतो. बिगएंडचा टक टक असा स्पष्ट, आणि अ‍ॅक्सिलरेटर देऊन सोडल्यावर जास्त. ज्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर आवाज कमी होतो, त्याचा बिगएंड संशयित. थंड असताना वाजून तापल्यावर गप्प होणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो.

आमच्याकडे येणारी बहुतेक इंजिनं सुटीच येतात, चालू करून बघायची सोयच नसते. अशा वेळी स्पार्क प्लग काढा आणि पुलीच्या बोल्टला पान्हा लावून क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. फिरणं एकसारखं जड असावं. एखाद्या ठिकाणी अडतंय, पुन्हा सुटतंय असं वाटलं तर ती जागा पुलीवर खडूनं लिहून ठेवा.

तेल आणि फिल्टर

तेल पांढऱ्या एनॅमलच्या ताटात काढा आणि उन्हात न्या. सावलीत सगळं तेल काळंच दिसतं. उन्हात ताट हलवल्यावर चमचम दिसली तर लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड, म्हणजे क्रँक, रिंगा किंवा पंप. न चिकटणारी रुपेरी भुकटी शेलची किंवा पिस्टनची असू शकते. तांबूस कण दिसले तर शेल पार आतल्या थरापर्यंत गेला आहे. दुधाळ तेल म्हणजे पाणी.

फिल्टर फेकू नका. पत्र्याच्या कात्रीनं कापा. हॅक्सॉनं कापलात तर पात्याचाच चुरा आत पडून तुम्हाला फसवेल. आतला घडीचा कागद सोडवा, डिझेलमध्ये धुवा, पसरून बघा. या इंजिनाचा फिल्टर नवा होता, म्हणजे पुरावा आधीच कुणीतरी फेकला होता. म्हणून चेंबर.

चेंबर उतरवताना

एक चूक मी अनुभवी लोकांकडूनही होताना पाहिली आहे. इंजिन स्टँडवर घेतात आणि आधी उलटं करतात. तसं केलं की चेंबरच्या तळाचा सगळा गाळ उलटा वाहून क्रँकवर आणि सिलिंडरमध्ये जातो. बघायला आलेला पुरावा जातोच, शिवाय घाण नको तिथे पोहोचते. आधी इंजिन सुलटंच चेन पुलीला टांगा, खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या, चेंबरचे बोल्ट सोडा, चेंबर सपाट खाली घ्या. ठोकळ्यांशिवाय टांगत्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, कितीही घाई असो. चेंबर आणि तेलाची जाळी बघून झाली की मग इंजिन स्टँडवर चढवून उलटं करा.

जाळीत सिलिकॉनचे गांडुळासारखे तुकडे अडकलेत का ते पहिलं बघा. पॅकिंगला सिलिकॉन भरमसाट लावलं की आतल्या बाजूला दबलेली कड सुटून तेलात पडते आणि जाळी बंद करते. बाहेर सिलिकॉन ओघळलेलं दिसतंय तर आतही तेवढंच ओघळलेलं आहे असं धरा.

तासगावच्या इंजिनाच्या चेंबरमध्ये कोपऱ्यात काळपट, मऊ गाळ निघाला. बोटांत चोळला तर साईसारखा लागला, पण दातांखाली धरल्यावर कचकच जाणवली. (मी हे करतो, तुम्ही काचेच्या दोन पट्ट्यांत चोळून बघा, तेवढंच कळतं.) सांगलीकराला हा गाळ ओळखायला वेळ लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळीच ४५ फूट आहे. गावभाग, हरिपूर रोड, निम्मी बाजारपेठ पाण्यात होती आणि तिथल्या गाड्याही. जुलै २०२१ ला पुन्हा तेच झालं. त्या गाड्यांची इंजिनं कुठेतरी गेली, साफ झाली, रंगली आणि ‘काम केलेलं’ म्हणून फिरायला लागली. पुरात बुडालेलं इंजिन नीट दुरुस्त होऊ शकतं, त्यात काही वाईट नाही. वाईट हे की गाळ तेलाच्या अरुंद वाटांत बसतो, आणि त्या वाटा उघडून धुतल्या नाहीत तर नव्या शेलवर पहिल्या दिवसापासून तोच येत राहतो.

पुराची आणखी लक्षणं: क्रँकच्या वजनांवर आणि ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर एका रेषेत थांबलेला गंजाचा डाग, डिपस्टिकच्या नळीत गंज, आणि ब्लॉकच्या मुख्य तेलनळीच्या टोकाचे प्लग वर्षानुवर्षं हलवलेले नसणं. शेवटचं लक्षण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. ग्राइंडिंगचं बिल आहे आणि प्लगवर मात्र पान्ह्याची एकही ताजी खूण नाही, तर वाटा धुतलेल्या नाहीत.

सोडण्याआधी मोजायचं

नट सोडले की काही मापं कायमची जातात, म्हणून आधी ती घ्या.

पुलीच्या बाजूला डायल गेज लावा आणि क्रँक जाड पेचकसानं हलकेच पुढे-मागे ढकला. ही क्रँकची आडवी ढिलाई. या इंजिनाला ०.११ ते ०.३१ मिलिमीटर ठीक, ०.३८ ही हद्द. जास्त असेल तर थ्रस्टच्या, म्हणजे क्रँकचं पुढे-मागे सरकणं अडवणाऱ्या, अर्धचकत्या झिजल्या आहेत, किंवा उलट्या बसवल्या आहेत. त्यांच्या खाचा असलेली बाजू क्रँककडे हवी, पण घाईत ती ब्लॉककडे बसवलेली मी दोनदा पाहिली आहे. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवयही या चकत्या खाते.

मग फीलर गेजनं प्रत्येक कनेक्टिंग रॉडची बाजूची फट घ्या. ०.१० ते ०.२० ठीक, ०.३५ हद्द.

आता खुणा. प्रत्येक रॉडला आणि त्याच्या टोपीला (पिनभोवती आवळलेल्या सुट्या अर्ध्याला) एकाच बाजूला रंगाचा ठिपका द्या, एकला एक, दोनला दोन. नेलपॉलिश उत्तम चालतं. रॉड आणि टोपी कारखान्यात जोडीनं बोअर केलेली असतात, त्यांची अदलाबदल झाली तर ते भोक पुन्हा गोल राहत नाही. मेनच्या टोप्यांवर आकडे आणि बाण असतात. बाण पुलीकडे आहेत का बघा. एक जरी उलटा सापडला तरी पुढची सगळी तपासणी दुप्पट सावधपणे करा.

नट सोडताना हाताला काय जाणवतं तेही टिपून ठेवा. एक नट सहज सुटला आणि शेजारच्याला लांब दांडा लागला, म्हणजे टॉर्क रेंच वापरलेलाच नाही.

शेल काढायचे कसे, किती

माझं मत स्पष्ट आहे. बिगएंड चारही उघडायचे. “एकच बघू, तो चांगला तर सगळे चांगले” हे चालत नाही, कारण घाण सगळीकडे सारखी पोहोचत नाही. मेनचे निदान दोन: मधला तिसरा, जिथे थ्रस्ट आहे, आणि फ्लायव्हीलकडचा पाचवा, जो पंपापासून सगळ्यात लांब आहे आणि तेल कमी पडलं तर आधी सोसतो. या दोघांत शंका आली तर पाचही.

क्रँक फिरवून पहिला आणि चौथा पिस्टन क्रँकच्या दिशेच्या टोकाला आणा, मग दुसरा आणि तिसरा. नट सोडा, टोपीला लाकडी हातोडीचे हलके ठोके द्या, टोपी शेलसह उचला. आणि लगेच रॉडच्या दोन्ही बोल्टांवर जुन्या पेट्रोल पाइपचे तुकडे चढवा. उघड्या बोल्टाचा आटा क्रँकपिनला एकदा लागला तर तेवढ्यानं पिन वाया जाते. मग हातोडीच्या लाकडी दांड्यानं रॉड थोडा खाली ढकला आणि वरचा शेल बोटानं सरकवून काढा. रॉड असा ढकललेला असताना क्रँक फिरवायचा नाही.

मेनच्या टोप्या एका वेळी एकच काढा, बाकीच्या आवळलेल्या राहू द्या.

शेल पुठ्ठ्यावर मांडा. वरचा वर, खालचा खाली, एक ते चार ओळीनं, तोंड कुठल्या दिशेला होतं तेही लिहा. कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे धागे तेलाच्या भोकात जातात. जुनं धुतलेलं धोतर किंवा बनियन घ्या.

आता शेल वाचा

आधी कोणता बघायचा? बिगएंडमध्ये धक्का पिस्टनकडून येतो, म्हणून रॉडमधला वरचा शेल जास्त सोसतो. मेनमध्ये तोच धक्का क्रँक खाली दाबतो, म्हणून टोपीतला खालचा. म्हणजे नुसत्या बिगएंडच्या टोप्या काढून त्यातले शेल बघून “चांगले आहेत” म्हणणाऱ्यानं कमी झिजणारी बाजूच बघितलेली असते.

निरोगी शेल एकसारखा मंद करडा दिसतो. मधोमध थोडा जास्त घासलेला आणि दोन्ही सांध्यांजवळ जवळपास नवा असेल, तर तेही नैसर्गिक.

गोलाईच्या दिशेनं ओरखडे म्हणजे तेलातून कण गेले. ते बारीक असले आणि नखाला लागत नसले तर सोडून देता येतं. नख अडलं तर नाही. रुतलेला कण भिंगाखाली चकचकीत ठिपक्यासारखा दिसतो, भोवती उचललेल्या धातूची छोटी वर्तुळाकार कड. तासगावच्या इंजिनात वरच्या चारही शेलमध्ये असे ठिपके पेरलेले होते. शेल नवे होते, पाठीवर ०२५ चा, म्हणजे ०.२५ मिलिमीटर घासलेल्या क्रँकच्या मापाचा, शिक्का स्पष्ट होता. म्हणजे बिल खरं होतं. धुणं मात्र झालंच नव्हतं, माझ्या खंबाटकीच्या इंजिनासारखं.

आता जागेवरून कळणाऱ्या गोष्टी. वरच्या शेलच्या फक्त एका कडेला झीज आणि खालच्या शेलमध्ये समोरच्या कडेला, अशी तिरकी जोडी दिसली तर रॉड वाकला आहे. दोन्ही शेलमध्ये एकाच कडेला असेल तर क्रँकपिन निमुळती घासली गेली. दोन्ही कडा एकदम घासल्या असतील तर ग्राइंडिंगवाल्यानं पिनच्या कोपऱ्यातली गोलाई जास्त ठेवली आहे आणि शेल त्यावर चढतोय. घासून आणलेल्या क्रँकमध्ये ही तक्रार वारंवार भेटते, आणि त्यावर शेल बदलून काही उपयोग नसतो. क्रँक पुन्हा ग्राइंडरकडे जायला हवा.

सांध्याजवळ, दोन शेल जिथे भेटतात तिथे, समोरासमोर घासलेलं दिसलं तर टोपी सरकून बसली आहे, किंवा दुसऱ्याच रॉडची आहे, किंवा रॉडचं मोठं भोक लांबट झालं आहे. मेनच्या ओळीत एकच शेल बाकीच्यांपेक्षा जास्त गेला असेल तर क्रँक वाकलेला आहे का ते तपासा. व्ही ब्लॉकवर फिरवून मधल्या मेनवर डायल लावायचा, ०.०६ मिलिमीटरपर्यंत हद्द.

आटलेल्या तळ्याच्या तळाला चिखल भेगाळतो तसा थर भेगाळून तुकड्यांनी निघत असेल, तर तो थकवा आहे. खालच्या गिअरला जायचं तिथे वरच्या गिअरमध्ये घाट चढणं, इग्निशन जास्त पुढे असणं, इंजिनाचं टकटकणं यांतून तो येतो. नव्या शेलवर थकवा दिसला तर ते शेल नवे नाहीत, किंवा ते इंजिन बरंच पळवून मग विकायला काढलं आहे. काळे, बारीक खड्डे म्हणजे आम्ल झालेलं जुनं तेल किंवा पाणी. आणि थर पुसला जाऊन काळानिळा पडलेला शेल म्हणजे तेलच मिळालं नाही. तिथे क्रँकपिनवर निळी झाक आहे का बघा. असेल तर ती पिन तापून रंग बदललेली आहे, तो क्रँक मी पुढे वापरत नाही.

आता शेल उलटा करा. पाठ बघणारे फार थोडे, पण अर्धी गोष्ट तिथे असते. पाठीवर शिक्का असतो: कंपनी, आणि माप, म्हणजे एसटीडी (मूळ माप) किंवा ०२५. दोन अर्ध्यांवर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा मापांचे शिक्के दिसले तर तिथेच थांबा. पाठीवर एखाद्या ठिकाणी काळा डाग आणि बरोबर त्याच जागी आतल्या बाजूला चमक, तर शेल बसवताना मागे कचरा राहिला. पूर्ण पाठ चकाकत असेल तर शेल भोकात सैल आहे, हलतोय. ब्लॉकमधल्या मेन शेलचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकावर येतंय का तेही बघा. खाच आणि भोक असलेला अर्धा ब्लॉकमध्ये, साधा अर्धा टोपीत. हे उलटं झालं की त्या मेनला तेल मिळतच नाही.

कागद, पन्नी आणि कानस

शेलच्या मागे कधी कधी सिगारेटच्या पाकिटातली पन्नी किंवा जाड कागद सापडतो. टोपीची तोंडं कानशीनं घासलेलीही सापडतात. ही खोड कुठून आली हे मला जुन्या मिस्त्र्यांकडून समजलं. आपल्या भागात इंजिन म्हणजे आधी विहिरीवरचं तेलइंजिन. किर्लोस्करवाडी १९१० पासून इथेच आहे, कूपरची इंजिनं साताऱ्याची. जुन्या जाड बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतलेला असे, टोपीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असत. बेअरिंग सैल झालं की एक चकती काढायची, निळं लावून स्क्रेपरनं घासून बसवायचं. ती खरी कारागिरी होती आणि त्या बेअरिंगसाठी योग्यच होती.

पातळ शेलचं गणित वेगळं आहे. शेलची टोकं टोपीच्या तोंडापेक्षा केसभर वर राहतात आणि टोपी आवळल्यावर शेल भोकात दाबून घट्ट बसतो. त्या दाबानंच तो फिरत नाही आणि त्याची उष्णता रॉडमध्ये जाते. टोपी घासली की भोक अंडाकृती होतं, मागे कागद घातला की उष्णता अडते. पन्नी किंवा कानस दिसली तर त्या रॉडचं भोक मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी तो रॉड बदलायला सांगतो.

क्रँक मोजणं

आधी नख. पिनवर आडवं फिरवा, कुठे अडायला नको. मग तांब्याच्या पट्टीची कड पिनवर घासा. पिनवर तांब्याची रेघ उमटली तर पृष्ठभाग खरखरीत आहे, पॉलिश झालेलं नाही. तेलाच्या भोकाची कड बोटानं बघा, ती मारलेली, गुळगुळीत हवी. धारदार कड शेल खरवडते.

मग मायक्रोमीटर. प्रत्येक पिन दोन्ही कडांजवळ आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा, म्हणजे चार मापं. मूळ मापाची क्रँकपिन ४१.९८२ ते ४२.००० मिलिमीटर, मेन ४४.९८२ ते ४५.०००. एकदा घासलेली, म्हणजे आपल्या भाषेत दहा थाऊ (इंचाचे दहा हजारांश), ४१.७३२ ते ४१.७५० आणि ४४.७३२ ते ४४.७५०. चार मापांत ०.०१ पेक्षा जास्त फरक नको. लेथवर घासायला तुम्ही वीस-तीस थाऊही घासून आणू शकता, पण कंपनी या इंजिनाला ०.२५ चाच शेल देते. पिन त्याहून बारीक सापडली तर मी ते इंजिन घेऊ नका असंच सांगेन.

प्लास्टिगेज

मायक्रोमीटर हाताशी नसेल, किंवा असला तरी शेवटची खात्री म्हणून, हिरवं प्लास्टिगेज घ्या. ते ०.०२५ ते ०.०७६ मिलिमीटरपर्यंत मोजतं. पिन आणि शेल तेल न ठेवता कोरडे पुसा. मेणासारखा तो धागा पिनच्या लांबीत, तेलाचं भोक चुकवून ठेवा. टोपी खुणेप्रमाणे बसवा आणि टॉर्क रेंचनं ३.३ ते ३.७ किलोग्रॅम-मीटरला आवळा, दोन्ही नट आळीपाळीनं, दोन-तीन टप्प्यांत. मेनच्या बोल्टांना ५.० ते ५.७. या वेळात क्रँक केसभरही हलता कामा नये, हलला तर धागा पसरतो आणि माप खोटं येतं. मेन मोजताना क्रँकचं वजन ज्या बाजूला आहे तिकडे फट उरत नाही, म्हणून इंजिन उलटं असतानाच टोपीकडून मोजा.

टोपी काढा, चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्ट्यांशी जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे जुळवा. बिगएंडला ०.०२० ते ०.०५० चांगलं, ०.०८० हद्द. मेनला ०.०२० ते ०.०४०, हद्द ०.०६०. धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसला तर पिन निमुळती आहे. मोजून झाल्यावर धागा नखानं न खरवडता तेल लावलेल्या कापडानं पुसा.

घ्यायचं की परत द्यायचं

माप हद्दीत, शेल एकसारखे करडे, पिन गुळगुळीत, जाळी स्वच्छ असेल तर तेच शेल तेल लावून त्याच जागी परत बसवा. उघडले म्हणून बदललेच पाहिजेत असं नाही. शेल खराब पण पिन मापात असेल तर कारण शोधून मगच नवे शेल. कारण न शोधता घातलेले शेल आधीच्यांच्याच वाटेनं जातात. पिन निळी, वाकलेला क्रँक किंवा ०.२५ च्या खाली गेलेली पिन असेल तर परत.

तासगावच्या दादांचा क्रँक मापात होता, पिनवर फक्त फिके ओरखडे होते. मी शेलचा पुठ्ठा त्यांच्या हातात दिला, भिंग दिलं, कुठे बघायचं ते दाखवलं. ते पुठ्ठा घेऊन विकणाऱ्याकडे गेले आणि किंमत कमी करून घेऊन आले. मग क्रँक पूर्ण काढला. पिन हातानं बारीक एमरी पट्टीनं पॉलिश केल्या. ब्लॉकचे प्लग काढून प्रत्येक वाट लांब नायलॉन ब्रशनं, साबणाच्या गरम पाण्यानं, मग डिझेलनं धुतली आणि हवा मारली. क्रँकच्या तिरक्या भोकांतून ब्रश फिरवला तेव्हा पहिलं पाणी गढूळ आलं, दुसरं गढूळ आलं, पाचव्या वेळेला निवळ आलं. नवे ०.२५ चे शेल घातले. प्रत्येक टोपी आवळल्यावर क्रँक एक फेरा फिरवून बघितला, म्हणजे अडलं तर कोणत्या टोपीला अडलं ते लगेच कळतं. ऑइल पंप उघडून धुऊन तेलानं भरून बसवला. फिल्टरही भरला. प्लग काढून ठेवले आणि गेजवर दाब चढेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारला. मगच पहिल्यांदा इंजिन चालू केलं.

पाचशे किलोमीटरला ते तेल बदलायला आले. मी फिल्टर कात्रीनं कापला, कागद धुतला आणि उन्हात पसरला. रिंगा बसतानाची थोडी लोखंडी भुकटी चुंबकाला लागली, ती नव्या रिंगांची असतेच. गाळ नव्हता, तांबं नव्हतं. तो कागद त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला.